वाचनालयाच्या कपाटातला खान्देश खुल्या इंटरनेटवर आणताना

नागपंचमी झाली की येणाऱ्या रविवारी आमच्याकडे खान्देशात कानबाई ही देवी घरोघरी बसते. त्याच्या आदल्या आठवड्यात अकरावीतली एक मुलगी वाचनालयात आली. तिला कानबाईवर प्रकल्प करायचा होता. मोबाइलवर शोधून झालं होतं. हाती लागल्या होत्या एकमेकींवरून उतरवलेल्या चार बातम्या आणि रोटांचे, म्हणजे तिच्या नैवेद्याचे, फोटो. मी मागच्या कपाटातून एका गावच्या शाळेची सुवर्णमहोत्सवी स्मरणिका काढून दिली. तिच्यात एका निवृत्त गुरुजींनी सहा पानं लिहिली होती: रोटासाठी धान्य कसं मोजतात, भाऊबंदकी एकत्र कशी येते, विसर्जनाला कुठली गाणी म्हणतात. मुलगी तिथेच बसून उतरवून घेत राहिली. घरी न्यायला ती स्मरणिका मी देऊ शकत नव्हते, आमच्याकडे एकच प्रत.

खान्देशाबद्दल इंटरनेटवर कमी सापडतं, कारण आपल्याकडे लिहिणारे कमी, असं मी बरीच वर्षं समजत होते. त्या दिवसापासून मत बदललं. आपल्याकडे खरी टंचाई आहे ती संदर्भाची. विकिपीडियासारख्या ठिकाणी वाक्य टिकतं ते छापील आधारावर, आणि या भागाचा छापील आधार तालुक्याच्या वाचनालयांत, कुलपात आहे. किल्ली ग्रंथपालाकडे असते. म्हणून हे काम आपण सुरू करायचं. कसं करायचं ते माझ्या अनुभवावरून पायरीपायरीनं सांगते. तुमचं वाचनालय सरकारी वर्गवारीतल्या सगळ्यात खालच्या, ड वर्गातलं असेल, एकच माणूस आणि एकच जुना संगणक असेल, तरी यातलं निम्म्याहून अधिक जमेल.

आधी कपाट

संगणक सुरू करू नका. एक कोरी वही घ्या आणि दोन रविवार कपाटांना द्या. शोधायचं आहे ते दाखलअंक पडलेल्या कादंबऱ्यांमध्ये नसतं. ते असतं वरच्या फळीवर, दोरीनं बांधलेल्या गठ्ठ्यात: शाळांच्या, पतपेढ्यांच्या, सूतगिरण्यांच्या आणि सहकारी कारखान्यांच्या स्मरणिका, साहित्य संमेलनांच्या पुस्तिका, यात्रेची माहितीपत्रकं, स्थानिक दिवाळी अंक, स्वातंत्र्यसैनिकांच्या आठवणी, कुणी स्वखर्चानं छापलेला गावाचा इतिहास. यातलं बरंच तालिकेत, म्हणजे वाचनालयाच्या ग्रंथयादीत, चढलेलंही नसतं.

प्रत्येकाची नोंद अशी करा: नाव, लेखक किंवा संपादक, प्रकाशक, गाव, साल, एकूण पानं. त्यानंतरचा रकाना सर्वांत महत्त्वाचा, 'कोणत्या पानावर काय'. स्मरणिकेला सूची नसते, त्यामुळे बाहेरच्या माणसाला आत काय आहे ते कळत नाही. 'पृ. ४१ ते ४६, कानबाई, पृ. ५२, गावातली वहीगायनाची मंडळं, पृ. ६०, जुना बंधारा' एवढं लिहिलंत की त्या स्मरणिकेचं संदर्भग्रंथात रूपांतर झालं. पहिल्या फेरीत वीस पुस्तकं पुरेत. शंभरच्या मागे लागलात तर वही मधेच थांबते, हे मी करून पाहिलं आहे.

धुळ्याची दोन ठिकाणं डोळ्यांपुढे ठेवा. इतिहासाचार्य राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ ला धुळ्यातच वारले. त्यांची दप्तरं सांभाळायला १९२७ मध्ये त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ उभं राहिलं. समर्थ वाग्देवता मंदिरात रामदासी बाडांचा मोठा संग्रह आहे. हस्तलिखितं त्यांच्याकडे सुरक्षित आहेत, जळगावचं व. वा. जिल्हा वाचनालयही १८७७ पासूनचं, म्हणजे जुनं आणि मोठं. आपण त्यांच्या वाटेला जाऊ नये. शहादा, साक्री, पारोळा, यावल इथल्या वाचनालयांकडे गेल्या साठ-सत्तर वर्षांतला गावपातळीवरचा कागद आहे. तो मोठ्या संस्थांकडे पोहोचलेलाच नाही, आणि आधी नष्ट होणार तो हाच.

काय आधी घ्यायचं

वही झाली की तिच्यातल्या विषयांची नावं एकेक करून मराठी विकिपीडियावर आणि नकाशावर शोधा. इंग्रजीतही शोधा. काही विषयांवर लेख असतो पण संदर्भ नसतो, काहींवर दोन ओळी असतात, काहींवर काहीच नसतं. मी निवड करताना तीन गोष्टी पाहते: आपल्याकडे छापील आधार आहे का, सांगणारं जिवंत माणूस आहे का, आणि डोळ्यांनी पाहता, फोटोत घेता येईल असं काही उरलं आहे का. तिन्ही असतील तो विषय पहिला.

माझ्या मते धुळे-साक्रीकडच्या वाचनालयांनी फड पद्धत घ्यावी. पांझरेसारख्या नद्यांवर ठिकठिकाणी दगडी बंधारे घालायचे, बंधाऱ्यातून पाट काढायचा, भिजणाऱ्या जमिनीचे फड पाडायचे आणि एका फडात त्या हंगामात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, अशी ही जुनी व्यवस्था. पाणी देणारा पाटकरी, पिकाची राखण करणारा जागल्या, बंधारा-पाट साफ करायला घरटी माणूस. पाणी वाटण्याचे नियम सरकारनं नव्हे, शेतकऱ्यांनी केलेले. पाणी व्यवस्थापनाच्या अभ्यासकांनी यावर इंग्रजीत लिहिलं आहे. पण पाटकऱ्याचे शब्द, बंधाऱ्यांची गावातली नावं, पाळी चुकली तर काय व्हायचं, हे गावच्या स्मरणिकेत आणि म्हाताऱ्या माणसांच्या तोंडात आहे. पुढच्या पायऱ्या समजावून देताना मी हेच उदाहरण घेईन.

नंदुरबारकडे काठी गावची होळी किंवा सारंगखेड्याची घोडेबाजारासाठी नावाजलेली यात्रा घेता येईल. यावल-रावेरकडे १९३६ चं फैजपूर काँग्रेस अधिवेशन. खेड्यात भरलेलं ते पहिलं अधिवेशन, त्या परिसरातल्या घरांत अजून फोटो आणि पत्रकं निघू शकतात.

खातं आणि धूळपाटी

विकिपीडियाचं खातं स्वतःच्या नावानं किंवा टोपणनावानं काढा. 'अमुक वाचनालय' असं संस्थेचं खातं चालत नाही, आणि एक खातं चौघांनी वापरणंही चालत नाही. तेच खातं विक्शनरी (शब्दकोश), विकिस्रोत (जुनी पुस्तकं), कॉमन्स (फोटो, आवाज, व्हिडिओ), विकिडेटा (माहितीच्या सुट्या नोंदी) या सगळ्या भावंडांना चालतं. कार्यशाळा घेणार असाल तर मुलांना खाती आदल्या दिवशी आपापल्या घरून काढायला सांगा. एका इंटरनेट जोडणीवरून दिवसाला सहाच खाती निघतात. सातव्या मुलाला यंत्र नाही म्हणतं आणि अख्खी दुपार जाते.

प्रत्येक सदस्याला 'धूळपाटी' नावाचं कच्चं पान मिळतं. नाव किती नेमकं आहे! तिथे गिरवा, खोडा, पुन्हा लिहा. काही अडलं तर विकिपीडियाच्या 'चावडी'वर विचारा, उत्तर मिळतं.

एक सांगून ठेवते. आपल्या वाचनालयावर, आपल्या अध्यक्षांवर किंवा आपल्या संस्थापकांवर लेख लिहून सुरुवात करू नका. संचालक मंडळ आग्रह धरेल. पण स्वतःच्या संस्थेवर स्वतः लिहिणं तिथे हितसंबंध मानलं जातं, लेखावर सूचना लागते, आणि पहिल्याच पावलाला मन खट्टू होतं.

पहिलं काम: एक संदर्भ

नवा लेख लिहायची घाई नको. आधी असलेल्या लेखाला संदर्भ जोडा. आपल्या तालुक्याच्या, नदीच्या, किल्ल्याच्या लेखात जिथे आधार नाही असं वाक्य शोधा, आपल्या वहीत त्याचा आधार आहे का पाहा, आणि 'संपादन'मध्ये जाऊन 'संदर्भ' या बटणानं तो जोडा. लेखक, शीर्षक, प्रकाशक, गाव, साल आणि पान क्रमांक. पान क्रमांक टाळू नका, तपासणाऱ्याला सहाशे पानं चाळायला लावणं हे ग्रंथपालाला शोभत नाही. पुस्तक इंटरनेटवर नसलं तरी संदर्भ चालतो. जगभरचे ग्रंथपाल दर वर्षी १५ जानेवारी ते ५ फेब्रुवारी आणि १५ मे ते ५ जून या काळात 'एक ग्रंथपाल, एक संदर्भ' अशी मोहीम चालवतात. २०१६ पासून ती सुरू आहे. आपल्या तालुक्यातल्या चार वाचनालयांनी मिळून त्यात भाग घेतला तर सुरुवातीला हुरूप येतो.

आता स्मरणिका कितपत भरवशाची, हा प्रश्न येणारच. मी असं करते: लेखक स्वतः पाहिलेलं सांगतोय, तारीख-वार देतोय, तर घ्यावं. मंदिर किती जुनं, गावाचं नाव कशावरून पडलं, याबद्दलचा मजकूर आला की सावध व्हावं. आपल्याकडे प्रत्येक जुनी वास्तू पांडवांची असते. एरंडोलच्या पांडववाड्यापासून ती ओढ आहे. असं वाक्य टाकायचंच तर 'अशी स्थानिक समजूत आहे' एवढंच टाकावं. समजूत हीसुद्धा ज्ञानच आहे, पण समजूत म्हणून.

उलट्या बाजूनं १८८० चं खान्देश गॅझेटियर, म्हणजे इंग्रज सरकारचा जिल्ह्याचा माहितीग्रंथ, घ्या. मुंबई इलाख्याच्या मालिकेतला हा बारावा खंड इंटरनेटवर सहज मिळतो, त्याच्या हक्काची मुदतही संपली आहे, त्यामुळे सगळे तिथूनच उतरवतात. पिकं, बाजार, घाट, बंधारे यांच्या नोंदींसाठी तो मोलाचा आहे. पण भिल्लांबद्दल, पारध्यांबद्दल तो ज्या शब्दांत बोलतो ते राज्यकर्त्याचे शब्द आहेत, बंड मोडणाऱ्याचे. ते जसेच्या तसे मराठीत आणले तर दीडशे वर्षांपूर्वीचा अपमान आपण आज नव्यानं छापतो. आकडा घ्या, 'गॅझेटियरनुसार' म्हणा, विशेषणं सोडा. आणि त्याच समाजातल्या माणसानं लिहिलेलं काही तुमच्या कपाटात असेल तर ते आधी वापरा, गॅझेटियर नंतर.

हक्काचा प्रश्न

इथे सगळे घाबरतात, म्हणून जरा थांबून सांगते. संदर्भ देण्याला कुणाची परवानगी लागत नाही. परवानगीचा प्रश्न येतो तो पुस्तक स्कॅन करून सर्वांसाठी ठेवताना.

भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क राहतो. बालकवी धरणगावचे, १९१८ मध्ये भादली स्थानकाजवळ रेल्वेखाली गेले; त्यांच्या कविता केव्हाच मोकळ्या झाल्या. अमळनेरात शिकवणारे साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यांचं लेखन २०११ च्या १ जानेवारीला मोकळं झालं. बहिणाबाईंचं मात्र वेगळं आहे. त्या १९५१ मध्ये गेल्या आणि गाणी पुस्तकरूपात आली १९५२ मध्ये. मृत्यूनंतर प्रथम छापलेल्या लेखनाची ६० वर्षं प्रकाशनापासून मोजतात, म्हणून भारतात ती २०१३ मध्ये मोकळी झाली, २०१२ मध्ये नाही. आणि त्या पुस्तकाला आचार्य अत्र्यांची प्रस्तावना आहे. अत्रे १९६९ मध्ये गेले, म्हणजे प्रस्तावनेवर २०२९ अखेरपर्यंत हक्क आहे. एकाच पुस्तकात दोन मुदती असतात, हे ध्यानात ठेवलं की पुष्कळ चुका टळतात.

अजून एक गाठ आहे. विकिमीडियाचे संगणक अमेरिकेत आहेत आणि तिथला कायदाही पाळावा लागतो. तिकडे अशा बऱ्याच परदेशी पुस्तकांचा हक्क प्रकाशनापासून ९५ वर्षं धरतात. म्हणून सुरुवातीला सोपा नियम ठेवा: लेखक जाऊन ६० वर्षं झाली आणि पुस्तक छापून ९५ वर्षं झाली, तर बिनधास्त. दोन्हींपैकी एक अट पुरी होत नसेल तर चढवण्याआधी चावडीवर विचारा.

स्मरणिका बहुधा या नियमात बसत नाहीत, त्या अलीकडच्या असतात. तिथे परवानगी मिळवा. प्रकाशन करणारी संस्था आणि ज्याचा लेख हवा तो लेखक किंवा त्याचे वारस, दोघांकडून. गावात हे अवघड नाही. गुरुजींची मुलं बहुतेक वेळा आनंदानं हो म्हणतात, वडिलांचं लिखाण कुणाला हवंय याचंच त्यांना नवल वाटतं. परवाना 'क्रिएटिव्ह कॉमन्स, श्रेयनिर्देश, समान वाटप' हा असतो. त्याचा अर्थ स्पष्ट सांगा: नाव द्यावं लागेल, पण कुणीही वापरू शकेल, बदलू शकेल, विकूही शकेल, आणि एकदा दिलेली मोकळीक परत घेता येत नाही. 'फक्त शिक्षणासाठी' किंवा 'धंद्यासाठी नाही' अशी अट घातलेलं कॉमन्सवर चालत नाही. हो आलं की ठरलेल्या मसुद्यात विकिमीडियाच्या परवानगी पथकाला त्यांच्याकडूनच ईमेल पाठवायचा. वर्तमानपत्राची कात्रणं कधीही चढवू नका. तारीख आणि पान लिहून संदर्भ द्या, पुरे.

स्कॅन ते विकिस्रोत

स्कॅनर नसला तरी अडत नाही. खिडकीजवळ टेबल, दोन बाजूंनी सारखा उजेड, मोबाइल पुस्तकाच्या बरोबर वर स्टँडवर, फ्लॅश बंद. स्कॅनर असेल तर ३०० डीपीआयच्या खाली जाऊ नका. जीर्ण पुस्तक पूर्ण उघडून दाबू नका. पाठ मोडली की परत जुळत नाही. मुखपृष्ठ, मागचं पान, छापखान्याचं नाव असलेलं पान, जाहिराती, सगळं घ्या. जाहिराती गाळण्याचा मोह होतो. पण साठ सालच्या स्मरणिकेतल्या किराणा दुकानांच्या आणि जिनिंग मिलच्या जाहिराती हा त्या गावच्या बाजारपेठेचा एकमेव छापील पुरावा असू शकतो.

पीडीएफ करून इंटरनेट अर्काइव्ह किंवा कॉमन्सवर चढवा. नाव, साल, गाव, प्रकाशक, भाषा आणि तुमच्या वहीतला 'कोणत्या पानावर काय' हा रकाना वर्णनात टाका. तिथून मराठी विकिस्रोतावर पुस्तकाचं अनुक्रमणिका पान बनतं. डावीकडे मजकूर, उजवीकडे पानाचं चित्र. यंत्र अक्षरं ओळखून देतं, माणसानं चुका दुरुस्त करायच्या. जुन्या खिळाछपाईतली जोडाक्षरं आणि रफार यंत्र हमखास चुकवतं. लाल पान म्हणजे अजून वाचायचं आहे, पिवळं म्हणजे एकानं वाचलं, हिरवं म्हणजे दुसऱ्यानंही तपासलं. हे काम निवृत्त शिक्षकांना फार आवडतं. आमच्याकडे रोज वर्तमानपत्रं वाचायला येणाऱ्यांपैकी दोघं आता आधी चार पानं हिरवी करतात, मग पेपर उघडतात.

आवाज

छापील कागदात न आलेलं ज्ञान विकिपीडियावर थेट जात नाही. 'आजीनं सांगितलं' हा तिथे संदर्भ नाही. मला याचा सुरुवातीला राग यायचा, कारण आपल्या भागातलं बाईमाणसांचं आणि आदिवासींचं जवळजवळ सगळं ज्ञान तोंडी आहे. पण वाटा आहेत. एक, आवाज कॉमन्सवर ठेवणं. दुसरी, शब्द विक्शनरीत नेणं. तिसरी, सांगितलेलं नीट लिहून स्थानिक नियतकालिकात किंवा जाणत्या माणसाच्या संपादनाखाली छापून आणणं, म्हणजे पुढे त्याचाच संदर्भ होतो.

२०११ च्या जनगणनेत 'खान्देशी' या नावाखाली १८ लाख ६० हजारांच्या आसपास लोकांनी आपली मातृभाषा नोंदवली. त्यात बहुसंख्य अहिराणी. पण खान्देश म्हणजे फक्त अहिराणी नव्हे. बहिणाबाईंची बोली लेवा गणबोली. सातपुड्यात पावरी, नवापूरकडे मावची, शिवाय भिलीचे किती प्रकार, गुजरी वेगळी. ग्रियर्सनच्या भाषा सर्वेक्षणाच्या १९०७ च्या भागात खान्देशीला भिली भाषांबरोबर ठेवलं आहे. अभ्यासकांचे वाद चालू राहोत. तुम्ही एवढंच करा: बोलणाऱ्याला विचारा, 'तुम्ही या बोलीला काय म्हणता?' आणि तेच नाव लिहा. गाव आणि तालुकाही लिहा. आपल्या मनानं सगळ्याला 'अहिराणी' किंवा 'खान्देशी' अशी चिठ्ठी लावू नका.

ध्वनिमुद्रणाला पंखा बंद, खिडक्या लावलेल्या, मोबाइल वीतभर अंतरावर उशीवर. आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची, गाणी मुद्रित करायची असतील तर एकट्या बाईला समोर बसवू नका, दोघी-तिघी हव्यात, एकीला सुचलं नाही की दुसरी उचलते. पाटकऱ्याला खोलीत बसवून प्रश्न विचारण्यापेक्षा त्याच्याबरोबर पाटावरून चाला; प्रत्येक वळणावर त्याला एक शब्द आठवतो.

संमती कागदावरच्या सहीनं पुरी होत नाही. तिच्या बोलीत विचारा: 'माय, तुनं गानं लोके आयकतीन, उतारी लेतीन, कोनी ईकी बी. चाली का?' ती काय म्हणते ते मुद्रणाच्या सुरुवातीलाच येऊ द्या. नाव द्यायचं की नाही हेही तिला विचारा. काहींना हवं असतं, काहींना नको. आणि 'घरी विचारून सांगते' असं उत्तर आलं तर त्याला नकार समजून थांबा. पुढच्या वेळी ती आपणहून सांगेल.

तांत्रिक भाग छोटा आहे. मोबाइल बहुतेकदा एम-फोर-ए प्रकारात मुद्रण करतो, ते कॉमन्स घेत नाही. ऑडेसिटी या मोफत सॉफ्टवेअरमधून ते वेव्ह किंवा ओग प्रकारात बदलून घ्या. व्हिडिओ असेल तर एम-पी-फोर चालत नाही, वेबएम करावा लागतो. सुट्या शब्दांसाठी 'लिंग्वा लिब्र' हे साधन उत्तम: शब्दांची यादी द्यायची, एकेक शब्द पडद्यावर येतो, बोलायचं, तो आपोआप कॉमन्सवर जातो. आंडोर, आंडेर, बठ्ठा, आठे, तठे अशा दोनशे शब्दांची यादी तासाभरात होते. मुलांना हे खेळासारखं वाटतं, आणि वर्गात अहिराणी बोललं म्हणून हसू ऐकून घेतलेल्या मुलाला आपला आवाज तिथे सापडतो.

काय ठेवू नये

सातपुड्यातल्या औषधी वनस्पतींची माहिती कुणी विश्वासानं सांगितली तर ती चढवू नका. कुठली मुळी, किती, कशाबरोबर, हे उघड झालं की त्याचा फायदा कुणाकडे जाईल यावर सांगणाऱ्याचा काही ताबा राहत नाही. जैवविविधता कायदा २००२ खाली गावाची लोकजैवविविधता नोंदवही असते. अशी माहिती तिथे, गावाच्या निर्णयानं जावी. देवाच्या जागा, बाहेरच्यांना न दाखवायचे विधी, लहान मुलांचे चेहरे, आणि आजच्या वादातल्या जमिनीची नेमकी ठिकाणं हीही चढवू नका. गावातला एक जाणता माणूस आणि एक जाणती बाई यांना चढवण्याआधी सगळं दाखवा, आणि ते नको म्हणाले तर कारण विचारू नका.

फोटो, विकिडेटा, नकाशा

फोटो स्वतः काढलेलेच चढवा. मुलांकडून मागवताना व्हॉट्सॲपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा, साधा फोटो पाठवला की तो बारीक होतो आणि काढल्याची तारीख पुसली जाते. आणि ज्यानं काढला त्यानंच, त्याच्याच खात्यातून चढवावा. वर्णनात 'सुंदर दृश्य' नको. 'पांझरेवरचा दगडी बंधारा, डावीकडे पाटाचं तोंड, गाव अमुक, तालुका साक्री, मे महिना' असं हवं. फेब्रुवारी-मार्चमध्ये 'विकी लव्ह्ज फोकलोर' ही लोकसंस्कृतीच्या फोटोंची जागतिक स्पर्धा असते. फोटो कधी काढला याला बंधन नसतं, तेव्हा श्रावणातली कानबाई आणि वैशाखातली आखाजी जपून ठेवा.

विकिडेटावर आपल्या बंधाऱ्याची एक नोंद करा: काय आहे, कुठल्या नदीवर, कुठल्या तालुक्यात, अक्षांश-रेखांश, फोटो, आणि मराठी-अहिराणी दोन्ही नावं. ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशावर बंधारा आणि पाट रेघेनं काढता येतात, आणि गावात चालणारं नाव टाकायला वेगळा रकाना आहे. दुसऱ्या कंपनीच्या नकाशावरून नावं उतरवू नका, तो हक्कभंग होतो. पाटाच्या काठानं चालत जाऊन जीपीएसनं नोंदवा.

आता लेख

एवढं झालं की फड पद्धतीवरचा लेख लिहायला तुमच्याकडे सगळं असतं: दोन-तीन स्मरणिकांचे पान क्रमांक, अभ्यासकांचं एखादं पुस्तक, बंधाऱ्याचे फोटो, पाटकऱ्याचा आवाज. धूळपाटीवर लिहा. पहिल्या वाक्यात काय आणि कुठे; मग व्यवस्था कशी चाले; मग आज काय उरलं. 'आपल्या पूर्वजांची थोर देणगी' अशी वाक्यं टाकू नका. पाणी वाटण्याचे नियम नीट सांगितले की वाचणाऱ्याला थोरवी कळते. स्मरणिकेतला मजकूर जसाच्या तसा उतरवू नका, स्वतःच्या शब्दांत लिहा. पाटकरी, जागल्या, चारी हे शब्द तसेच ठेवून पहिल्यांदा येतील तिथे अर्थ द्या.

कुणी येऊन तुमचं वाक्य काढेल किंवा 'उल्लेखनीयता सिद्ध करा' अशी पाटी लावेल. मला पहिल्यांदा अशी पाटी लागली तेव्हा मी दोन महिने तिकडे फिरकले नाही, आणि ती चूक होती. चर्चापानावर जा, शांतपणे संदर्भ दाखवा, पान क्रमांक द्या, स्कॅन असेल तर दुवा द्या. पुष्कळदा पाटी लावणाऱ्याला फड म्हणजे काय हेच माहीत नसतं, आणि तोच पुढे लेख नीट करायला मदत करतो.

महिन्याचा हिशोब

महिन्यातला एक शनिवार ठरवा, दुपारी दोन ते पाच. पहिल्या महिन्यात वही, दुसऱ्यात खाती आणि प्रत्येकी पाच संदर्भ, तिसऱ्यात एक पुस्तक स्कॅन, चौथ्यात एक ध्वनिमुद्रण. लेख सहाव्या महिन्याच्या आत नको. केलेल्या कामाचे दुवे वहीच्या मागच्या पानांवर लिहून ठेवा, कारण बदली, निवृत्ती, आजारपण होतं आणि पुढच्या माणसाला कुठून धरायचं ते कळलं पाहिजे. मूळ स्कॅन दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा, एक वाचनालयात, एक बाहेर. वार्षिक अहवालात हे काम वेगळ्या मथळ्याखाली दाखवा. देवघेवीच्या आकड्यांत ते दिसत नाही.

ती अकरावीतली मुलगी आता बारावीत आहे. गुरुजींच्या मुलाकडून परवानगीचा ईमेल गेला आहे, सहा पानांपैकी चार हिरवी झाली आहेत. उरलेल्या दोनांत विसर्जनाची गाणी आहेत आणि त्यातले तीन शब्द छपाईत पुसट झालेत. ते तिच्या आजीला येतात, म्हणून या रविवारी आम्ही दोघी तिच्या घरी जाणार आहोत.